बातमीचा कॅमेरा : आधी आवाज, मग चित्र

आपल्या मोहल्ल्याची बातमी आपल्याच मुलांनी टीव्हीवर मांडावी, असं आपण नेहमी म्हणतो. पण त्यासाठी आधी कॅमेरा समजून घ्यायला हवा. आमच्या पहिल्याच शूटिंगला एका खालांनी पाणीटंचाईबद्दल दहा मिनिटं पोटतिडकीने सांगितलं. चित्र सुरेख आलं, आवाज मात्र वाऱ्यात गेला. चूक आमचीच, कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबलो होतो.

म्हणून सोनी पीडी-170 सारख्या व्यावसायिक कॅमकॉर्डरमध्ये आम्ही सगळ्यात आधी एक्सएलआर जोडणी पाहतो. तिथे बाहेरचे माइक लागतात आणि दोघांचा आवाज दोन चॅनेलवर वेगवेगळा घेता येतो. कानाला हेडफोन हवाच.

दुसरं, तीन सीसीडी. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगळा टिपला जातो, त्यामुळे रंग खरे येतात. तरीही जागा बदलली की पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स करावा. नाहीतर बल्बच्या उजेडात चेहरे पिवळट दिसतात. भर उन्हात एनडी फिल्टर लावावा. ट्यूबलाइटखाली शटर 1/50 ठेवावं, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. नाहीतर चित्र लुकलुकतं.

आणखी एक, 60 मिनिटांची मिनी डीव्ही कॅसेट डीव्हीकॅमवर 40 मिनिटंच चालते. ऐन मुलाखतीत टेप संपायला नको.

खालांकडे आम्ही परत गेलो. या वेळी बाहेरचा माइक लावून, हेडफोन घालून.