निळ्या जर्सीची पडझड : खान्देशातल्या एका चाहत्याचा जमाखर्च

१४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारतीय फुटबॉल संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने लांबून मारलेला फटका जाळ्यात गेला, तेव्हा वाटले होते की आज सुटलो. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-यंगने बरोबरी साधली आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. उरलेला अर्धा तास आपले अकरा जण चेंडू पुढे लोटत राहिले, पण गोल काही झाला नाही. क्रमवारीत आपल्या मागे असलेल्या संघाने आपल्याच मैदानावर येऊन २०२७ च्या आशिया कपचा आपला रस्ता बंद केला. जानेवारी २०२७ मध्ये सौदी अरेबियात आशियातले चोवीस संघ खेळतील. दीड अब्ज लोकांचा देश त्यांत नसेल.

जळगाव-धुळ्याकडे भारतीय फुटबॉल संघाचा चाहता असणे हे तसे एकट्याचे काम. इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) सर्वांत जवळचे मैदान अंधेरीत, म्हणजे जळगावहून चारशेहून अधिक किलोमीटरवर. पोरांच्या अंगात मँचेस्टरच्या, माद्रिदच्या, मेस्सीच्या जर्सी दिसतात, भारताची निळी जर्सी दिसली तर ती क्रिकेटची असते. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर प्रश्न एकच येतो : ‘का भो, परत हारनात का?’ विचारणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, त्याला खरेच आश्चर्य वाटत असते की हा माणूस अजून बघतो कशाला. त्या प्रश्नाचे नीट उत्तर देता यावे म्हणून हा जमाखर्च मांडायला घेतला आहे. आपण का हरतो, कधीपासून हरतो, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा काही वाटा आहे का?

चढ आणि उतार

घसरण किती वेगाने झाली ते कळायला आधीचा चढ आठवावा लागतो. २०२३ च्या जूनमध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला २-० ने हरवून आपण इंटरकाँटिनेंटल कप जिंकला. ४ जुलैला बेंगळुरूत कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून सॅफ करंडक उचलला. त्या महिन्यात भारत फिफा क्रमवारीत ९९ व्या स्थानी होता. १६ नोव्हेंबरला कुवेतमध्ये जाऊन मनवीर सिंगच्या गोलवर विश्वचषक पात्रता सामना जिंकला, तेव्हा तिसरी फेरी हातातोंडाशी आली होती.

त्यानंतर मात्र विजय पाहायला १९ मार्च २०२५ उजाडावे लागले. मधले सोळा महिने कोरडे गेले. जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशिया कपमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून हरून आपण एकही गोल न करता परतलो. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला २-१ ने हरवले, तेही सुनील छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली आणि छेत्रीने डोळे पुसत निरोप घेतला. त्या संपूर्ण वर्षात भारत अकरा सामने खेळला. सहा हरला, पाच बरोबरीत सोडवले, विजय शून्य. अकरा सामन्यांत गोल चार.

२०२५ मध्ये मालदीवला ३-० ने हरवून थोडा श्वास घेतला, पण आशिया कप पात्रता गटात पुन्हा तेच. शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगमध्ये अखेरच्या क्षणी पेनल्टी देऊन ०-१, सिंगापुरात दहा जणांनिशी झुंजून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीच्या गोलवर १-१, मग फातोर्डा, आणि १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. बांगलादेशकडून याआधी आपण २००३ मध्ये हरलो होतो. पहिल्या पाच सामन्यांत दोन गोल आणि एकही विजय नाही. नोव्हेंबर २०२५ च्या यादीत भारत १४२ व्या स्थानी उतरला. सव्वादोन वर्षांत त्रेचाळीस पायऱ्या.

राग कुणावर काढायचा?

चाहत्याचा पहिला राग पंचांवर निघतो, आणि ११ जून २०२४ च्या दोहातल्या रात्रीपुरता तो रास्तही आहे. कतारविरुद्ध छांगतेच्या गोलने आपण पुढे होतो. त्र्याहत्तराव्या मिनिटाला कतारच्या युसूफ आयमेनचा हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवला, चेंडू गोलरेषेच्या पार गेला, तिथून तो पायाने मागे ओढला गेला आणि आयमेनने जाळ्यात ढकलला. आपले खेळाडू चेंडू बाहेर गेला म्हणून थांबले होते. व्हीएआर नव्हते. पंचांनी गोल दिला. पुढे आणखी एक गोल खाऊन आपण १-२ ने हरलो आणि विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकली. ती सल आजही जात नाही. पण गुवाहाटीत अफगाणिस्तानला हरवले असते, तर दोहाच्या त्या एका चेंडूवर सारे अवलंबून राहिले नसते.

दुसरा राग प्रशिक्षकावर. जून २०२४ मध्ये इगोर स्टिमाच यांना काढले. स्पेनचे मानोलो मार्केझ आले, ते त्या मोसमात एफसी गोवा आणि देश असे दोन्ही संघ सांभाळत होते. वर्षभरात तेही गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला आणि २०१७ मध्ये मिझोरमच्या छोट्याशा ऐझॉल संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून देणारा हा माणूस. त्यांनी पहिल्याच स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवले, ओमानला शूटआउटमध्ये नमवून तिसरे स्थान घेतले. दीड महिन्यात फातोर्डा घडले. चौदा महिन्यांत तीन प्रशिक्षक होऊनही गोलांचा दुष्काळ हटला नाही, तेव्हा दुखणे त्या खुर्चीच्या खाली आहे हे मान्य करावे.

तिसरा राग खेळाडूंवर, विशेषतः आघाडीच्या फळीवर. इथे आकडे बोलके आहेत. निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, परत बोलवावे लागले आणि मालदीवविरुद्ध त्याने पंचाण्णवावा आंतरराष्ट्रीय गोल केला. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय तोच होता, चौदा गोल. सर्वांत वर होता नॉर्थईस्ट युनायटेडचा मोरोक्कन अलाएद्दीन अजाराई, तेवीस गोलांसह. गोल करण्याची जागा क्लब परदेशी खेळाडूकडे देतात. मग देशाच्या जर्सीत त्या जागेवर उभा राहणारा पोरगा क्लबमध्ये बाकावर नाही तर बगलेवर असतो. त्याने आठवडाभर जे काम केलेलेच नाही, ते एका रात्रीत करून दाखव म्हणणे अन्यायाचे आहे.

लीगच थांबली तेव्हा

२०२५ मध्ये तर पायाखालचीच जमीन सरकली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यापारी हक्कांचा पंधरा वर्षांचा करार केला होता, तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. पुढचा करार ठरेना, म्हणून जुलैत आयएसएल चालवणाऱ्या कंपनीने नवा मोसम स्थगित केला. काही क्लबांनी पगार थांबवले. हक्कांसाठी निविदा मागवली, तर नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. लीग सुरू व्हायला १४ फेब्रुवारी २०२६ उजाडली. फातोर्डाला आपले खेळाडू उतरले तेव्हा त्यांच्या पायांत लीगचा एकही सामना नव्हता, शेवटची लीग एप्रिलमध्ये संपली होती. सहा महिने लीग न खेळलेल्या संघाने शेवटच्या अर्ध्या तासात दमछाक होऊन चेंडू नुसता पुढे लोटला, यात नवल नाही. आमच्याकडचा केळी उत्पादक घड बारीक निघाला की आधी रोप आणि पाणी तपासतो. फुटबॉलच्या बाबतीत आपण तेवढेही करत नाही.

महाराष्ट्राचा हिशेब

दोष दिल्लीला देऊन मोकळे होता येत नाही, कारण महाराष्ट्राचे खातेही तोट्यात आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा गोवेकर होता. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई, आणि भारत त्या स्पर्धेत चौथा आला. कूपरेजवरचा रोव्हर्स कप एकोणिसाव्या शतकात सुरू झाला आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी शेवटची जिंकली ती १९९९-२००० मध्ये, केरळला त्रिशूरला हरवून. पंचवीस वर्षे उलटली. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. मुंबई सिटीने दोनदा लीग शील्ड आणि दोनदा करंडक जिंकला खरा, पण डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या परदेशी मालकानेही काढता पाय घेतला.

एक उजेडाची तारीखही आहे. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने, राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ भरवले. दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा संकल्प होता. राज्यभर शाळांना फुटबॉल वाटले गेले, खान्देशातल्या मैदानांवरही त्या दिवशी पोरे धावली. दिवस सरला. चेंडूतली हवा गेली तशी पुढची आखणीही विरली. एक दिवस सगळ्यांनी खेळणे आणि काहींनी वर्षभर खेळणे यांत दुसरी गोष्ट संघ घडवते.

भुसावळएवढा देश

१८ नोव्हेंबर २०२५ ला आपण ढाक्यात हरलो. त्याच तारखेला तिकडे जमैकात गोलशून्य बरोबरी साधून कुरासाओ हे कॅरिबियन बेट २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरले. लोकसंख्या सुमारे दीड लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या भुसावळ शहरात त्याहून जास्त माणसे होती. फातोर्डाच्या आदल्या दिवशी केप व्हर्दे पात्र ठरला, तो देश साधारण जळगाव शहराएवढा. या दोन्ही संघांत युरोपात जन्मलेले वा वाढलेले खेळाडू बरेच आहेत, हे खरे. तो मार्ग आपल्याला अवघड आहे, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेला रायन विल्यम्स, ज्याचे आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळले होते, त्याला भारताकडून खेळण्यासाठी आपले मूळ नागरिकत्व सोडावे लागले.

पण उझबेकिस्तानचे काय? तिथले खेळाडू घरचेच. त्यांनी आधी २०२३ मध्ये वीस वर्षांखालील आशिया कप जिंकला, २०२४ मध्ये ऑलिंपिक खेळले, २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील आशिया कपही जिंकला, आणि मग त्यांचा वरिष्ठ संघ पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला. मुले आधी जिंकू लागली, मोठे नंतर. आपल्या महिला संघानेही जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशिया कप गाठला. संगीता बासफोरचे ते दोन गोल ज्यांनी पाहिले, त्यांना भारतीय पायांत दम नाही असे म्हणता येणार नाही.

कोल्हापूर आणि आपण

फार लांब जायला नको. २०११ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३९ लाखांच्या आसपास होती, जळगावची ४२ लाख. सरकार तेच, नियम तेच. पण कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे तिथल्या लहान पोरालाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर लीग चालते आणि लोक ती बघायला गर्दी करतात. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आमच्याकडे शालेय फुटबॉल म्हणजे पावसाळ्यातले दोन-तीन दिवस. सुब्रतो कपच्या जिल्हा फेरीला दहा-वीस शाळा येतात. सामने बाद पद्धतीचे. चिखलात निम्मी पोरे अनवाणी, गोलकीपर बहुतेकदा उंची पाहून उभा केलेला. पहिल्याच सामन्यात हरलेली शाळा दुपारच्या एसटीने परत निघते आणि त्या मुलांचा फुटबॉलचा मोसम चाळीस-पन्नास मिनिटांत संपतो. जिंकलेला संघ नाशिक विभागात जातो, तिथे हरला की त्याचेही वर्ष संपले. असे शिकलेले पोर कितीही चपळ असले तरी त्याच्या वाट्याला वर्षाला तीन सामने येतात. ज्या वयात उझबेक मुलगा आठवड्याला एक सामना खेळतो, त्या वयात आपला मुलगा वर्षभर पुढच्या पावसाळ्याची वाट बघतो.

टपरीवरच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. आपण हरतो कारण आपण खेळतच नाही. वर लीग थांबली तर साऱ्या देशाला कळते, खाली ती कधी सुरूच झालेली नाही याची ओरड होत नाही. निळ्या जर्सीचा खराब फॉर्म म्हणजे हजारो जिल्ह्यातालुक्यांत न झालेल्या सामन्यांची बेरीज आहे.

म्हणून वाचकांना, विशेषतः शाळांच्या मुख्याध्यापकांना, क्रीडाशिक्षकांना, संस्थाचालकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे. जिल्ह्याची शालेय स्पर्धा बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीने खेळवा, निदान तालुक्यापुरती. सहा शाळा जरी एकत्र आल्या, तरी प्रत्येक मुलाला दहा सामने मिळतात, घरचे पाच आणि बाहेरचे पाच. त्याला स्टेडियम लागत नाही. एक सपाट मैदान, दोन चौकटी, एक शिट्टी आणि शनिवारची सकाळ पुरते. जळगावच्या सागर पार्कवर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर अशी लीग उभी राहिली, तर तिच्या कडेला उभे राहून ओरडायला आपण जाऊ या. भारतीय संघावर रागावण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण आपल्या तालुक्यात या डिसेंबरात एक तरी लीग सुरू करणे, ही त्या रागाची पहिली जबाबदारी आहे.