वय नको, चाल मोजा

कमी पैशांत जिंकणारा संघ कसा बांधायचा? अमेरिकेतील ओकलंडच्या बेसबॉल संघाने याचे उत्तर आकडेवारीत शोधले. खेळाडूची देहयष्टी न पाहता तो किती वेळा बाद न होता बेस गाठतो, हे मोजले. असे खेळाडू तेव्हा स्वस्तात मिळत. 2002 च्या हंगामात या संघाने 162 पैकी 103 सामने जिंकले.

आपल्याकडे मुंबईचे लेगस्पिनर प्रवीण तांबे रणजी न खेळताच 2013 मध्ये, वयाच्या 41व्या वर्षी, राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरले. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक 12 बळी त्यांनीच घेतले. नुसते वय पाहिले असते, तर ते घरीच बसले असते.

आरोग्याचेही तसेच आहे. कोलशेतच्या खाडीकडे सकाळी फिरायला निघालेल्या सत्तरीच्या दोघांची ताकद सारखी नसते. ती जन्मतारखेवरून कळत नाही, चालीवरून कळते. घरात 4 मीटर अंतर आखा आणि नेहमीच्या गतीने चाला. 5 सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल, तर स्नायू अशक्त झाले असण्याची शक्यता असते, डॉक्टरांना दाखवा. पुरेशी प्रथिने आणि ताकदीचे व्यायाम यांनी उतारवयातही स्नायू बळकट होतात. या तपासणीला लागते फक्त एक घड्याळ.