विजेचे घड्याळ

सायंकाळी सातच्या सुमारास एखाद्या टेकडीवरून गावाकडे पाहिले, तर काळोखात बुडत चाललेली घरे एकामागून एक उजळू लागलेली दिसतात. प्रथम देवळाजवळचा रस्ता, मग बाजारपेठ, मग दूरच्या वाड्या. परंतु टेकडीवरून केवळ दिवेच दिसतात. त्याच घटकेला कोणाच्या घरी मिक्सर फिरू लागलेला असतो, कोठे गच्चीवरील टाकीत पाणी चढत असते, कोणी दुसऱ्या दिवसाच्या गणवेशाला इस्त्री करीत असतो. कामावरून परतलेली माणसे पंखे लावतात, दुकानांच्या पाट्या झळकतात, आणि लक्षावधी घरांत हे सारे जवळजवळ एकाच वेळी घडते. ही वीज त्या क्षणी येते कोठून, आणि तिची किंमत दुपारच्या विजेइतकीच असते काय?

ज्वारी सुगीत येते आणि कणगीत वर्षभर राहते. पाणी सकाळी भरून ठेवले, तर रांजणातून ते रात्री पिता येते. विजेचे तसे नाही. तिचा मोठा साठा करणे अजूनही खर्चाचे काम आहे. म्हणून ज्या क्षणी बटण दाबले जाते, त्याच क्षणी कोठे तरी एखाद्या जनित्राला तेवढा अधिक जोर लावावा लागतो. दिवा मालवला, की तेवढा जोर कमी करावा लागतो. देशभरातील वीजघरे तारांच्या जाळ्याने एकमेकांस जोडलेली असतात आणि त्या जाळ्यातील वीज सेकंदाला ५० आवर्तने या वेगाने वाहत असते. मागणी वाढली आणि पुरवठा मागे पडला, तर हा वेग उतरू लागतो. उलट झाले, तर तो चढतो. हा तोल राखण्यासाठी अभियंते रात्रंदिवस पडद्यांपुढे बसलेले असतात.

हे काम किती नाजूक आहे, याचा प्रत्यय ५ एप्रिल २०२० रोजी आला. कोरोनाच्या साथीचे ते दिवस. रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरातील दिवे मालवून पणत्या लावाव्यात, असे आवाहन देशाला करण्यात आले होते. लोकांनी दिवे मालवले आणि काही मिनिटांत देशाची विजेची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटांनी खाली आली. एक मेगावॉट म्हणजे दहा वॉटचे एक लाख दिवे. यावरून या घसरणीची कल्पना करावी! अभियंत्यांनी आधीच तयारी केली होती. त्यांनी मुख्यतः जलविद्युत केंद्रांची निर्मिती झपाट्याने उतरवली, आणि दिवे पुन्हा लागू लागताच ती तितक्याच झपाट्याने चढवली. लोकांच्या ध्यानातही काही आले नाही. तोल नेहमीच असा सावरतो असे मात्र नाही. ३१ जुलै २०१२ रोजी वाहिन्यांवर अतिभार येऊन उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील जाळी कोसळली, आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला. आगगाड्या वाटेतच थांबल्या.

आता सायंकाळच्या मागणीकडे पुन्हा वळू. महाराष्ट्रात विजेचा मोठा भाग दगडी कोळशापासून होतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. परंतु कोळशाचे वीजघर हे बैलगाडीसारखे. एकदा चालू लागले, की संथपणे दिवसभर चालावे, हा त्याचा स्वभाव. थंड झालेला बाष्पक पेटवून पुरेशा दाबाची वाफ तयार होण्यास कित्येक तास लागतात. सात वाजता मागणी वाढली म्हणून सव्वासातला त्याला उठवता येत नाही.

तेथे धावून येते ती कोयना. सह्याद्रीच्या पूर्वेस धरणाने अडविलेले शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे नेलेले आहे. डोंगराच्या पोटात खोदलेल्या वीजघरांत ते कोसळते, चक्रे फिरवते, आणि पुढे वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. हा प्रकल्प १९६२ पासून वीज देत आहे आणि वाढत वाढत त्याची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट झाली आहे. पाण्याची झडप उघडली, की काही मिनिटांत तेथील यंत्रे पूर्ण वेगाने फिरू लागतात. मग कोयनाच दिवसभर का चालवू नये? कारण पाणी मोजके आहे. कृष्णेच्या खोऱ्यातील हे पाणी खालच्या गावांच्या आणि राज्यांच्याही वाट्याचे असल्याने, वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. म्हणून हे पाणी जपून, खऱ्या गरजेच्या वेळी वापरावे लागते.

घाटघर येथे याहून नवलाची योजना आहे. अकोले तालुक्यात डोंगरमाथ्यावर एक जलाशय, आणि कड्याखाली ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात दुसरा. विजेची मागणी कमी असते, तेव्हा खालचे पाणी पंपांनी वर चढवतात. मागणी वाढली, की तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. पंप आणि जनित्र ही कामे तीच यंत्रे करतात. २००८ पासून चालू असलेली ही २५० मेगावॉटची योजना म्हणजे विजेची कणगीच होय. परंतु या कणगीला उंदीर लागलेले आहेत! अशा योजनेत पाणी वर चढविण्यास चार युनिटे खर्चावीत, तेव्हा साधारण तीन पदरात पडतात. शिवाय सायंकाळच्या चार-पाच तासांसाठी जी यंत्रे आणि वाहिन्या सज्ज ठेवावयाच्या, त्या उरलेला दिवस विसावा घेत असल्या, तरी त्यांचा खर्च चालूच असतो. सायंकाळचे युनिट महाग पडते, ते या कारणांनी.

दुपारची गोष्ट वेगळी. सौर पॅनेलांना कोळसा लागत नाही की पाणी लागत नाही. ऊन पडले, की वीज सुरू. गेल्या काही वर्षांत देशात ही पॅनेले इतकी वाढली, की सकाळी नवापासून सायंकाळी पाचपर्यंत वीज मुबलक येऊ लागली, आणि नेमकी दिवे लागण्याच्या वेळी ती आटू लागली. त्यामुळे विजेच्या घड्याळाचे काटे उलटे फिरले आहेत. पूर्वी स्वस्ताईची वेळ रात्रीची असे. ब्रिटनमध्ये १९७८ साली रात्रीच्या सात तासांसाठी कमी दराची योजना निघाली, तेव्हा लोक रात्रीच्या विजेने खास विटा तापवून ठेवीत आणि दिवसा त्यांच्या उबेने घर गरम राखीत. महाराष्ट्रातील कारखान्यांनाही कित्येक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत मिळे, कारण लोक झोपले, तरी कोळशाची वीजघरे चालूच ठेवावी लागत. आता सवलत रात्रीतून उठून दुपारी आली आहे.

केंद्र सरकारने २०२३ साली नियम केला, की वीज आयोगांनी सौरतासांत दर कमी आणि मागणीच्या तासांत दर अधिक ठेवावा. शेतीपंप यातून वगळण्यात आले. त्यानुसार महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट मीटर बसले होते, त्यांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटामागे ८० पैशांची सवलत मिळू लागली. असे आकडे आयोगाच्या आदेशानुसार बदलत असतात. म्हणून ते आपल्या बिलावरच पाहावेत.

येथे मीटरविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. जुन्या मीटरमध्ये एक चकती गरगर फिरे आणि महिन्याकाठी एकूण किती युनिटे झाली, तेवढे सांगे. ती दुपारी फिरली की रात्री, याची तिला आठवण नसे. नवे मीटर थोड्या थोड्या मिनिटांनी आकडा टिपून ठेवते. घड्याळाशी जोडलेले दर अशा मीटरवाचून लावताच येत नाहीत.

या सवलतीने घराचे किती पैसे वाचतात, याचा हिशेब मुलांनाही सहज करता येण्याजोगा आहे. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले, की एक युनिट होते. समजा, एका घरात महिन्याला १५० युनिटे लागतात. एक अश्वशक्तीचा पंप रोज अर्धा तास चालतो, त्याची सुमारे १५ युनिटे. इस्त्रीची ५. थंड पाण्यात कपडे धुणाऱ्या यंत्राचीही ५. ही २५ युनिटे सकाळ-सायंकाळवरून काढून दुपारच्या तासांत आणली, तर ८० पैशांप्रमाणे महिन्याला २० रुपये वाचतात, वर्षाला २४०. फ्रिज तर चोवीस तास चालतो. त्याच्या विजेचा साधारण तिसरा हिस्सा न सांगताच सवलतीच्या आठ तासांत पडतो.

वीस रुपये ही रक्कम मोठी नाही, हे उघड आहे. तिची तुलना दुसऱ्या एका बचतीशी करून पाहावी. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर कमी वीज खाणारा नवा पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला बारा तास पंखा चालला, तर फरक ५४० वॉट-तासांचा, म्हणजे महिन्याला सुमारे १६ युनिटांचा. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटाचा दर १० रुपये धरला, तर एका पंख्यामागे १६० रुपये वाचतात. वेळ बदललेले युनिट ८० पैसे वाचवते, न वापरलेले युनिट आपली सबंध किंमत वाचवते. त्यातही बिलाचे दर टप्प्यांनी चढत असल्याने, वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातलेच असते. दुपारी वीज स्वस्त आहे म्हणून रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवणारा मनुष्य ८० पैसे मिळविण्यासाठी १० रुपये मोजतो!

शिवाय सर्व कामे हलविता येत नाहीत. पाण्याची टाकी सकाळी दहाला भरली काय आणि सातला भरली काय, पाणी तेच. गिरणीतील दळण, दोसा-इडलीचे वाटण, कपडे धुणे ही कामे थोड्या आखणीने दुपारी सरतात. पण अभ्यासाचा दिवा रात्रीच लागतो, उकाड्याच्या रात्री पंखा रात्रीच हवा, आणि आजारी आजोबांना अंघोळीचे ऊन पाणी पहाटे लागत असेल, तर ते पहाटेच दिले पाहिजे. सवलतीपायी असे काही अडवून धरणे हा शहाणपणा नव्हे. ज्या घरातील सारी माणसे सकाळी आठला कामावर जाऊन सायंकाळी परततात, त्यांच्या हाती ही सवलत फारशी लागत नाही. त्यांना रविवारचा दिवस तेवढा असतो. एक दिवा आणि एक पंखा एवढ्यावर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्यापाशी तर हलविण्यासारखे काहीच नसते. घड्याळाचा दर सर्वांना सारखा असला, तरी सर्वांचे घड्याळ सारखे नसते, ही गोष्ट हा दर ठरविणाऱ्यांनीही ध्यानात घेतली पाहिजे.

एका घराची २५ युनिटे म्हणजे सागरातील थेंब खरा. परंतु सायंकाळी सातला अर्धा अश्वशक्तीचा एक लाख पंपांनी एकदम न चालता दुपारी चालावे, एवढ्याने सुमारे ४० ते ५० मेगावॉटांचा भार त्या वेळेवरून उतरतो. कोयनेचे तेवढे पाणी धरणात राहते.

घरातल्या पंपाहून शेतातल्या पंपाची गोष्ट अधिक जिवाची आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने वीज मिळत आली, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली, की शेतकऱ्याला थंडीवाऱ्यात विजेरी घेऊन बांधावर जावे लागे. उसाच्या सरीत पाय टाकताना खाली साप आहे की काय, हे त्या उजेडात नीट दिसत नसे. बिबट्याचा वावर असलेल्या भागात घरची माणसे तो परत येईपर्यंत जागी राहत. राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. तीत वीज उपकेंद्रांजवळच्या मोकळ्या माळावर सौर पॅनेले उभारून तेथील वीज शेतीच्या वाहिन्यांना दिली जाते. ज्या गावांच्या वाहिन्या अशा प्रकारे उन्हाशी जोडल्या गेल्या, तेथे पंप दिवसा चालतात. पाणी उजेडात वाफ्यात शिरते, आणि दारे धरणारा माणूस सायंकाळी सात वाजता, गावात दिवे लागतात तेव्हा, आपल्या घरी असतो.