बालकांचे श्वसनरोग आणि प्रयोगशाळेचा अहवाल

जानेवारी २०२५ मध्ये नागपूर येथील ७ व १३ वर्षांच्या दोन बालकांच्या तपासणीत ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस आढळल्याची वार्ता आली. फेरतपासणीसाठी नमुने पाठविण्यात आले. मात्र दोघांनाही रुग्णालयात दाखल करावे लागले नाही. अशा वार्तेनंतर बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीतील कामगार पालक ‘तपासणी लिहून द्या’ असा आग्रह धरतात, तेव्हा वैद्याने कोणते उत्तर द्यावे, याचा येथे विचार करू.

या विषाणूची ओळख २००१ साली नेदरलँड्समध्ये पटली. त्यावर विशिष्ट औषध नाही. म्हणजे महागडी पीसीआर तपासणी होकारार्थी आली तरी सौम्य कासप्रतिश्यायाची चिकित्सा बदलत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी व सीआरपी यांवरूनही संसर्ग विषाणूजन्य की जिवाणूजन्य, हे खात्रीने ठरत नाही. केवळ तेवढ्या अहवालावर प्रतिजैविक देणे अथवा औषधालयातून विकणे अनुचित होय.

मात्र काही तपासण्या चिकित्सेची दिशाच बदलतात. दोन आठवड्यांहून अधिक कास वा ज्वर, वजन घटणे, घरात क्षयरुग्ण असणे, यांपैकी काही आढळल्यास क्षयाची तपासणी टाळू नये. लहान मुले थुंकी बाहेर टाकत नाहीत. म्हणून जठरातील स्राव घेऊन सीबीनॅट तपासणी करतात. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ती विनामूल्य होते. इन्फ्लुएन्झाचे औषध पहिल्या ४८ तासांत अधिक गुणकारी ठरते. त्यामुळे गंभीर रुग्णात ती तपासणी त्वरित व्हावी आणि अहवालासाठी औषध थांबू नये.

काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात बोलता न येणाऱ्या बालकाची व्यथा त्याच्या चेष्टांवरून ओळखण्यास सांगितले आहे. तीच दृष्टी आजही प्रथम हवी. बालक शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६०, दोन ते बारा महिन्यांत ५०, एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास हे द्रुतश्वसन होय. छाती आत ओढली जाणे, स्तनपान वा पाणी न घेणे, गुंगी, ओठ निळे पडणे अथवा दोन महिन्यांखालील बालकात द्रुतश्वसन आढळल्यास अहवालाची वाट न पाहता वर्धा मार्गावरील मिहान येथील एम्स किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे.

तपासणी लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या अहवालाने आपला निर्णय बदलणार आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर पालकांचा एका दिवसाचा रोज आपण वाचवावा.