गोशाळेला पत्र्याचे दान मिळते, कडब्याचे काय?

वसुबारस, मकरसंक्रांत आणि सर्वपित्री अमावास्या या दिवशी ग्रामीण भागातील अनेक गोशाळांच्या फाटकाबाहेर शहरातून आलेल्या मोटारींची रांग लागते. कोणी गूळ आणते, कोणी पोळ्या, कोणी भिजवलेली डाळ, तर कोणी भाताचे पातेलेच. गायीच्या मुखी घास गेला की दात्याला समाधान लाभते. गोशाळेतील गड्यांची चिंता मात्र त्या संध्याकाळी सुरू होते. वर्षभर कोरड्या वैरणीवर जगणाऱ्या जनावराच्या पोटात एकाच दिवशी भात, पोळ्या आणि धान्य गेले, तर पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर सकाळपर्यंत जनावर दगावूही शकते. त्याच गोशाळेत वैशाखात गव्हाणी रिकाम्या पडतात, तेव्हा फाटकाबाहेर एकही मोटार नसते.

दानत कमी पडते, असा याचा अर्थ नाही. दान चुकीच्या वेळी आणि चुकीच्या गोष्टीसाठी येते, ही खरी अडचण आहे. गावांच्या आधाराने चालणाऱ्या गोशाळा आणि पांजरपोळ सुधारायचे असतील, तर देणगीच्या रकमेइतकाच तिच्या स्वरूपाचाही विचार करावा लागेल.

जनावरे येतात कोठून?

गोशाळा म्हटले की दुभत्या, देखण्या गायींचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तेथे येणारी बहुतेक जनावरे निराळी असतात. दूध आटलेल्या गायी, नांगराला निरुपयोगी झालेले म्हातारे बैल, अपघातात जायबंदी झालेली मोकाट जनावरे आणि संकरित गायींना झालेले गोऱ्हे यांची संख्या त्यांत मोठी असते. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला शेतात काम उरलेले नाही. संकरित गोऱ्ह्याला खांदा नसतो, त्यामुळे त्याला कोणी फुकटही नेत नाही. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि गायींबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्याने या जनावरांचा जीव वाचवला. त्यांना पुढे कोणी पोसायचे, हा प्रश्न मात्र शेतकरी आणि गोशाळा यांच्यामध्ये लोंबकळत राहिला.

आणखी एक प्रवाह पोलिसांकडून येतो. बेकायदा वाहतूक करताना पकडलेली जनावरे खटल्यातील मुद्देमाल म्हणून गोशाळेच्या स्वाधीन केली जातात. त्यांच्या देखभालीसंबंधी केंद्र सरकारने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले असून खर्च संबंधितांकडून वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. तथापि खटला तारखांवर चालतो आणि जनावराला भूक रोज लागते. वसुली होईपर्यंतचा भार संस्थेलाच उचलावा लागतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरातील मोकाट गुरांची संख्या ५० लाखांच्या वर नोंदली गेली होती. ग्रामीण गोशाळांवरील ताण त्यावरून ध्यानात यावा.

एका दिवसाचा हिशेब

सुमारे तीनशे किलो वजनाच्या, दूध न देणाऱ्या जनावराला रोज साधारण चार किलो कडबा आणि पंधरा किलो हिरवी वैरण लागते. चाळीस ते पन्नास लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. शंभर जनावरांच्या गोशाळेचा विचार केला तर रोज चारशे किलो कडबा, दीड टन हिरवा चारा आणि चार ते पाच हजार लिटर पाणी असे प्रमाण पडते. वर्षाचा नुसता कडबाच १४६ टन होतो. पंचवीस जनावरांमागे एक गडी धरला तर चार माणसांची मजुरी आली. शिवाय औषधे, लसीकरण, वीज आणि मेलेल्या जनावरांची विल्हेवाट हे खर्च वेगळेच.

चाऱ्याचे दर गावोगावी आणि हंगामागणिक बदलतात. तरीही हिशेबापुरता दर जनावरामागे दिवसाला ८० रुपये खर्च धरू. शंभर जनावरांसाठी तो वर्षाला २९ लाख २० हजार रुपये होतो. हा खर्च एकदा करून संपत नाही. तो दरवर्षी उभा राहतो आणि दुष्काळी वर्षी वाढतो.

दात्यांची पसंती मात्र टिकाऊ वस्तूंना असते. शेड, कमान, सभामंडप यांवर नावाची पाटी लावता येते. खाल्लेल्या कडब्यावर ती लावता येत नाही. परिणामी भक्कम पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली बरगड्या मोजता येतील अशी जनावरे, हे विसंगत दृश्य पाहावयास मिळते. जागा वाढली की गोशाळेवर आणखी जनावरे घेण्याचा आग्रह होतो, हा त्यातील आणखी एक धोका. चाऱ्याची तरतूद न करता दिलेले शेड अशा वेळी मदत ठरण्याऐवजी ओझे ठरते.

शासनाचा वाटा

शासनाकडून काहीच मिळत नाही, असे नाही. गोवंशाच्या सांभाळासाठी राज्याने २०१७ मध्ये ‘गोवर्धन गोवंश सेवा केंद्र’ योजना आणली. २०२३ मध्ये गोसेवा आयोगासाठी कायदा झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गायींच्या परिपोषणासाठी दररोज प्रत्येक गायीमागे ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. त्यासाठी जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असणे आवश्यक मानले गेले. नोंदणीची शिस्त त्यामुळे लागते, ही जमेची बाजू होय.

तरीही अंतर उरतेच. २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांतील मोठ्या जनावरासाठी राज्यानेच दिवसाला १०० रुपयांपर्यंत दर मान्य केला होता. छावणीत दुभती जनावरेही होती आणि चाराटंचाई टोकाची होती, हे मान्य केले तरी ५० रुपयांत जनावर पोसणे कठीण आहे, हे त्यावरून दिसते. दुसरे असे की, अनुदान देशी गायींपुरते आहे. वरील हिशेबानुसार देशी गायीमागे दिवसाला ३० रुपये लोकांकडून जमवावे लागतील, तर संकरित गोऱ्ह्यामागे पूर्ण ८० रुपये. म्हणजे ज्या जनावराकडे दात्याचे लक्ष सर्वांत कमी जाते, त्यालाच देणगीची गरज सर्वांत अधिक असते.

जुन्या पांजरपोळांची पट्टी

नियमित देणगीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे पांजरपोळ उभा राहिला. चेंबूरच्या ‘पांजरापोळ’ या चौकाच्या नावातही याच परंपरेची खूण उरली आहे. हे पांजरपोळ केवळ मोठ्या देणग्यांवर चालले नाहीत. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने लहानशी पट्टी बसवून घेतली होती. व्यापार जसा चाले, तसा पांजरपोळाकडे पैशाचा ओघ येई. प्रत्येकाचा वाटा लहान होता, पण त्यात खंड नव्हता.

गावांतही सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्य आणि वैरण देण्याचा रिवाज होता. आजही रब्बी ज्वारीची काढणी झाल्यावर शेतकऱ्याने एकरामागे काही पेंढ्या गोशाळेला द्याव्यात, असे गावाने ठरवले तर शहरातील देणगीइतकाच त्याचा उपयोग होतो. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात वाढे मुबलक मिळते. मात्र त्यातील ऑक्झलेटमुळे शरीरातील चुना कमी होतो. म्हणून वाढ्याबरोबर चुन्याची निवळी देणे पशुवैद्यक आवश्यक मानतात.

सुधारणा म्हणजे काय?

गोशाळेची सुधारणा म्हणजे नवे बांधकाम, हा समज आधी सोडला पाहिजे. कमी खर्चात अधिक जनावरे निरोगी ठेवणारी साधने निराळी आहेत. कडबा अखंड टाकला तर जनावरे पाने खातात आणि धांडे तुडवतात. पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक वैरण अशी वाया जाऊ शकते. शंभर जनावरांच्या गोशाळेत पाव हिस्सा म्हणजे वर्षाला सुमारे ३६ टन. कडबाकुट्टी यंत्र आणि योग्य उंचीची गव्हाण यांनी ही नासाडी पुष्कळशी टळते. एका कमानीच्या खर्चापेक्षा हे दान कितीतरी लवकर फळते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी होते, तेव्हा कडबा तुलनेने स्वस्त असतो. मे महिन्यात तो महागतो आणि दुष्काळ असेल तर मिळेनासाही होतो. हाती रोकड नसल्यामुळे गोशाळेला स्वस्तातली खरेदी साधत नाही. म्हणून दिवाळीला आलेली देणगी ‘चारा निधी’ म्हणून वेगळी ठेवावी आणि काढणीच्या वेळी वापरावी, हा सर्वांत सोपा उपाय आहे. साठवलेल्या गंजीला आगीचे भय असते. त्यामुळे एकाच मोठ्या गंजीऐवजी अंतर सोडून लहान गंजी रचणे शहाणपणाचे. मका उपलब्ध असेल तेथे मुरघास करता येतो. साधारण दीड ते दोन महिन्यांत तो तयार होतो आणि हवाबंद राहिल्यास बरेच महिने टिकतो.

नव्या जनावरांसाठी विलगीकरणाचा गोठा ही दुसरी निकड. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने राज्यातील पशुपालकांना मोठा तडाखा दिला. बाहेरून येणारे जनावर थेट कळपात सोडले तर एका बाधित जनावराची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. नवे जनावर तीन ते चार आठवडे वेगळे ठेवणे, लाळ्या-खुरकूत व घटसर्पाच्या लसी वेळेवर टोचणे आणि नरांचे खच्चीकरण करून कळपातील अनियंत्रित वाढ थांबवणे, ही कामे दिखाऊ नाहीत. तरी गोशाळेचे आयुष्य त्यांवरच अवलंबून असते.

शेण हे गोशाळेचे हक्काचे उत्पन्न होय. जनावरामागे रोज दहा किलो शेण धरले तरी शंभर जनावरांमागे दिवसाला एक टन होते. त्याचे चांगले कुजलेले खत परिसरातील शेतकरी विकत घेतात. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात अनेक वर्षे गुरे सांभाळणारे शब्बीर सय्यद यांना २०१९ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शेणाची विक्री हा त्यांच्या कुटुंबाचा मोठा आधार असल्याचे त्या वेळच्या बातम्यांतून पुढे आले होते. अर्थात खतविक्रीतून सगळा खर्च निघत नाही, त्यामुळे देणगीची गरज संपत नाही. परंतु दुष्काळात देणगी आटली तरी संस्था तग धरू शकते.

देणगी देण्यापूर्वी

शहरातील दात्याने श्रद्धेइतकीच चौकशीही करावी. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय आणि तिचे लेखापरीक्षण वेळेवर होते काय, हे प्रथम पाहावे. त्यानंतर तीन साध्या गोष्टी विचाराव्यात. आज जनावरे किती? गेल्या वर्षी आली किती, मेली किती? चारा किती दिवस पुरेल? नोंदवही समोर ठेवून उत्तर देणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. मृत्यूची नोंद असणे हा दोष नव्हे. म्हाताऱ्या आणि जखमी जनावरांच्या आश्रयस्थानात मृत्यू होणारच. नोंद नसणे हे मात्र चिंतेचे कारण आहे.

प्राप्तिकरातील सवलतीबाबतही गैरसमज आढळतात. १९६१ च्या कायद्यातील ‘८०-जी’ या कलमामुळे परिचित झालेली ही सवलत केवळ मान्यताप्राप्त संस्थेला पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीला मिळते. चारा किंवा धान्य दिल्यास ती मिळत नाही. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख रक्कम एप्रिल २०१७ पासून तिच्या कक्षेबाहेर गेली. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणग्यांचा तपशील प्राप्तिकर खात्याला कळवून देणगीदाराला तसे प्रमाणपत्र देण्याचे बंधन संस्थांवर आले. नवी करप्रणाली स्वीकारलेल्या व्यक्तीला या सवलतीचा लाभ नाही. कंपन्यांपुढे आणखी एक मार्ग आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक उत्तरदायित्वाच्या यादीत प्राणी कल्याणाचा समावेश आहे. संस्थेमार्फत खर्च करायचा असल्यास तिची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी लागते.

आठ घरांचा एक गोऱ्हा

दिवसाला ८० रुपयांच्या हिशेबाने एका जनावराचा महिन्याचा खर्च २,४०० रुपये होतो. शहरातील एखाद्या सोसायटीतील आठ घरांनी दरमहा ३०० रुपये देण्याचे ठरवले आणि बँकेला तशी कायम सूचना दिली, तर एका जनावराचा सांभाळ होतो. त्यासाठी देखणी गाय दत्तक घेण्याची आवश्यकता नाही. ज्याला अनुदान नाही, ज्याचे दूध नाही आणि ज्याच्याबरोबर कोणी छायाचित्र काढून घेत नाही, अशा गोऱ्ह्याची निवड केली तर ते दान अधिक गरजेच्या ठिकाणी पडेल.

संक्रांतीला गोशाळेत जाणे चांगलेच आहे. जाताना पोळ्यांऐवजी कडब्याचे पैसे न्यावेत. आणि जमल्यास वैशाखातही एक फेरी मारावी. गव्हाणीत वैरण आहे की नाही, हे त्या एका भेटीत कळते.