गरम होऊ दे त्याले!

व्हॉल्व्हचा जुना सेट, सहाशे व्होल्ट आणि जबलपूरचा एक दोस्त. एकोडीतल्या एका वीकएन्डची गोष्ट.

बटण दाबल्यावर लगेच चालू न होणारी वस्तू तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? मी मागच्या थंडीत पाहिली. भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीला, मामाच्या ओसरीत. मी बटण दाबलं आणि दोन सेकंदांत विचारलं, "मामा, बिघडलाय का हा?"

"बिघडला तर हायेच. पन चांगला असता तरी तो थांबलाच असता. आधी गरम होऊ दे त्याले!"

मामा हॅम आहे. म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, घरातून जगाशी वायरलेसवर बोलणारा हौशी माणूस. त्याचा सेट म्हणजे सत्तरच्या दशकातला जपानी यासू एफटी-१०१ई. आत बहुतेक सगळे ट्रान्झिस्टर, पण आवाजाला हवेत ढकलण्याचं काम तीन व्हॉल्व्हचं. त्यातले शेवटचे दोन मुळात रंगीत टीव्हीसाठी बनलेले, आणि आता शोधूनही सहज न मिळणारे. दोन वर्षांपासून सेट बंद होता. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता.

"नवा घ्या ना," मी म्हटलं.

"हा दुरुस्त होते, तं नवा कायले?"

खरं कारण वेगळंच होतं. मामाच्या हातांना आता कंप सुटतो, आणि व्हॉल्व्हच्या प्लेटवर असतात सहाशे व्होल्ट. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. तिथे थरथरता हात चालत नाही. म्हणून डोकं त्याचं आणि हात माझे, असं ठरलं. पहिला नियम: प्लग काढ, थांब, कपॅसिटर डिस्चार्ज कर, मीटरने तपास. दुसरा: मोजताना एक हात खिशात, म्हणजे करंट छातीतून जायला वाट नको.

दिवसभर मी सोल्डरिंग करत होते. फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, ऑडिओच्या वाटेवरचे थकलेले काढले, स्विचचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट पुसले. मग थेट मेन्सला न जोडता मधे शंभर वॅटचा जुना बल्ब सिरीजमध्ये लावला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि सेट वाचतो. आमचा बल्ब क्षणभर चमकला आणि मंद झाला. मामा पहिल्यांदा हसला.

पण एवढा आटापिटा एएमसाठी? सिंगल साइडबँडवर कमी ताकदीत आवाज लांब जातो. एएममध्ये पूर्ण मॉड्युलेशनला दोन तृतीयांश ताकद नुसत्या कॅरिअरमध्ये जाते, ज्यात शब्द एकही नसतो. जागाही दुप्पट लागते. शिवाय बोलताना ताकद कॅरिअरच्या चौपटीपर्यंत उसळते, म्हणून मामा कॅरिअर पंचवीस वॅटवरच ठेवतो. जास्त लोभ केला की आवाज फाटतो, व्हॉल्व्ह जळतात.

मग एएम कशाला? तर जबलपूरच्या दोस्तासाठी. त्याचा ट्रान्समीटर घरी बनवलेला, ८०७ नावाच्या व्हॉल्व्हवरचा. आपल्याकडच्या कित्येक हॅमची सुरुवात याच व्हॉल्व्हने झाली. त्याला फक्त एएम येतं. मी म्हटलं, फोन आहे की! मामा म्हणाला, "फोनवर आमी कामाचं बोलतो."

रात्री जेवताना मामाने उषा मेहतांचा विषय काढला. १९३९मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिशांनी हॅमचे परवाने रद्द केले. मुंबईच्या नरिमन प्रिंटर या हॅमकडे सुटे भाग शिल्लक होते. १९४२च्या ऑगस्टमध्ये त्यांतून उभा राहिला काँग्रेस रेडिओ. बावीस वर्षांच्या उषा मेहता त्यावरून बोलायच्या. पकडलं जाऊ नये म्हणून जागा बदलत राहायच्या. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी धरलंच आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या रेडिओची वेव्हलेंग्थ होती ४२.३४ मीटर, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. मामा बोलतो तो चाळीस मीटरचा बँड हाच. माझ्या अंगावर काटा आला. कारण तो आवाजही एएमवरच होता!

रविवारी सकाळी मामाने प्लेट आणि लोडचे नॉब हळूहळू फिरवले, सुई बघत. कॉलसाइन दिला. नुसती खरखर. पुन्हा दिला. पुन्हा खरखर. मी चहा आणायला उठणार, तेवढ्यात खरखर एकदम दबली. आधी नुसती शांतता आली, मग एक म्हातारा, भरदार आवाज. बोलण्याआधी त्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. तो हिंदीत म्हणाला, रोज सकाळी लावून ठेवत होतो.

मामा बराच वेळ काहीच बोलला नाही. माइक नुसता हातात.

मी हात पुढे केला, तर त्याने मान हलवली. "परवाना काढ, मंग बोल."

फॉर्म भरलाय. अभ्यास सुरू आहे.

तुम्हालाही करायचंय?

• ऐकून सुरुवात करा. ट्रान्समिट करायला परवाना हवाच.
• जुना सेट मिळाला तर लगेच प्लग लावू नका. आधी जाणकाराला उघडून दाखवा.
• उच्च व्होल्टेजवर एकट्याने काम करू नका.
• एएम जागा जास्त घेतं. बँड मोकळा असेल तेव्हाच वापरा.
• आणि हो, गरम होऊ द्या त्याला!