शाळेच्या बँडसाठी खासगी शिकवणी

बिगुल : याला कळा नसतात. ओठांचा ताण आणि फुंक यांवरच जेमतेम पाच-सहा सूर निघतात. म्हणून पहिले धडे श्वासाचे.

साइड ड्रम : सगळा पाया ४० ‘रुडिमेंट्स’चा, म्हणजे ठोक्यांच्या मूळ नमुन्यांचा. घरी रबरी पॅडवर रोज थोडा वेळ, सावकाश लयीत घोटावेत.

बासरी : अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (स्थापना १९३१) परीक्षा प्रारंभिकपासून देता येतात. पाश्चात्त्य वाद्यांसाठी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या आठ ग्रेड आहेत.

प्रवास : २०१३ पासून डहाणू लोकल बोईसर, पालघरला थांबते. ब्रास बँडची जुनी परंपरा असलेली वसई त्यामुळे तिथल्या मुलांच्या आवाक्यात आली आहे.

शिक्षक निवडताना : बँडमास्तरांशी बोलून संचलनाच्या धून आधी ठरवा. एकट्याने वाजवणं आणि पावलाला पाऊल जुळवत वाजवणं, दोन्हींचा सराव हवा.